अर्ध्या अंशाचा कल

मुलगी शिव्या द्यायची थांबली, आणि त्या दिवसापासून आईच्या जिवाला घोर लागला.

बारा वर्षं संध्याकाळी सव्वासहाला दार उघडलं की आधी बूट भिरकावल्याचा आवाज यायचा आणि पाठोपाठ शिव्यांचा. वायरमनला शिव्या, रंगवाल्यांना शिव्या, पॉलिश केलेल्या टेबलावर ज्याने चहाचा कप ठेवला त्याच्या सात पिढ्यांना शिव्या. आई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. सुरुवातीला ती म्हणायची, "अगं, शेजारी ऐकतात." मुलगी म्हणायची, "ऐकू देत. त्यांनाही कळू दे बोटी कशा बांधतात ते." मग हातपाय धुऊन ती जेवायला बसायची आणि दिवसभराच्या गमती सांगायची. शिव्या म्हणजे कुकरची शिट्टी होती. वाफ निघून गेली की आत सगळं नीट शिजलेलं असायचं.

गेले तीन आठवडे शिट्टी बंद. बूट जागेवर, पिशवी खुर्चीला. "कसा गेला दिवस?" "ठीक." "अजून वाढू?" "नको." जबडा असा आवळलेला की कानाखालची शीर दिसावी. ही झोपेत दात खाते, दोन दाढा घासून सपाट झाल्यात, असं दाताच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. "कुणावर खाता एवढे दात?" असं त्यांनी हसत विचारलं, तर ही म्हणाली, "यादी मोठी आहे." तेवढं एकच विनोदाचं वाक्य आईने तीन आठवड्यांत ऐकलं, आणि तेही डॉक्टरांच्या तोंडून.

बाबांना काही वाटत नव्हतं, किंवा ते तसं दाखवत नव्हते. त्यांचं आयुष्य घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेलं.

"तोंड बंद आहे म्हणजे डोकं चालू आहे तिचं," ते म्हणाले.

"घड्याळाची टिकटिक थांबली तर असंच म्हणता का तुम्ही?"

"घड्याळ थांबलं तर मी उघडून बघतो."

"मग बघा की उघडून!"

"मुलगी आहे ती. मागचं झाकण नसतं."

आईने भांडी जरा जोरात आपटली. या घरात कुणाला काही सांगावं तर समोरून सुविचार येतो, हे तिचं जुनं दुखणं होतं.

मुलीला घरात खुंटी म्हणत. उंची पाच फुटांना दोन बोटं कमी, आणि एकदा रोवली की तिथून हलायची नाही, म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव. सात वर्षांची असताना तिने आईच्या टेबलाचा अडकणारा खण बाहेर काढला, त्याच्या कडांना मेणबत्ती घासली आणि परत बसवला. पुढची सत्तावीस वर्षं तो खण करंगळीने उघडत होता. आईने मात्र त्यातून वेगळाच अर्थ काढला, की मुलगी इंजिनिअर होणार. झालीही असती. दुसऱ्या वर्षात असताना एके दिवशी घरी येऊन म्हणाली, "मला सुतारकाम शिकायचंय. लाकडाला हात लावला की मला उत्तर कळतं. कागदाला लावला की नाही कळत." आई तिच्याशी आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी बोलली, कारण डबा कुणी करायचा हा प्रश्न होता.

बोटींच्या कारखान्यात पहिलं वर्षभर तिला फक्त घासायला दिलं. सकाळी आठ ते पाच पॉलिश पेपर. बोटांचे ठसे झिजून गेले. मोबाइल तिचं बोट ओळखेना. "माझीच मला ओळख राहिली नाही," म्हणून ती हसायची. मग खण, मग कपाटं, मग जिने. मागच्या तीन वर्षांपासून ती सुतारकामाची मुकादम. हाताखाली अकरा माणसं, त्यांतली सात तिच्याहून वयाने मोठी. म्हातारा पॉलिशवाला पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "आता या टिचभर पोरीकडून शिकायचं का आम्ही?" तिने त्याला आपण केलेला एक खण दाखवला. त्याने तो उघडला, बंद केला, पुन्हा उघडला, खालून हात फिरवून बघितला आणि कामाला लागला. तेव्हापासून तो तिला मुकादम म्हणतो आणि दुसऱ्या कुणी "बाई" म्हटलं तर रागावतो.

कारखान्यात शिरल्याबरोबर तिच्या पेटीतली पाणसळ आणि ओळंबा काढून घेतले होते. त्याची गंमत तिने घरी सांगितली होती. घर जमिनीवर उभं असतं, म्हणून घरातल्या सुताराने जमिनीचं ऐकायचं. बोट शेडमध्ये टेकूंवर उभी असते, जरा पुढे झुकलेली, जरा मागे. तिथे पाणसळ लावली तर पाणसळ खोटं बोलते. म्हणून बोटीच्या अंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ मारलेली असते. बोट पाण्यात उतरली की पाणी इथे लागेल आणि ही रेघ सपाट होईल, असं नकाशा काढणाऱ्याने सांगितलेलं असतं. दार, खिडकी, पलंग, नळ, सगळ्यांची मापं त्या रेघेपासून. "जमिनीचं ऐकायचं नाही, रेघेचं ऐकायचं," ती म्हणायची. पुढे घरात बाबांनी फळी ठोकायला सांगितली तेव्हा भिंतीकडे बघून विचारते कशी, "हिची रेघ कुठाय?"

ही बोट म्हणजे तिची मुकादम म्हणून पहिली. अठ्ठावीस मीटर लांबीची मोटरयॉट, एका माणसाने स्वतःसाठी सांगून बांधून घेतलेली. मालक वाईट नव्हता. त्याला फक्त सगळं झाल्यावर सुचायचं. पलंगाचं डोकं पुढे होतं ते मागे झालं, मागे झालं ते परत पुढे आलं. स्वयंपाकाच्या ओट्याचा रंग चार वेळा बदलला आणि पाचव्या वेळी पहिलाच आवडला. मग कुठल्याशा हॉटेलात त्याने अखंड दगडातून कोरलेला बाथटब बघितला, आणि तोच हवा झाला. टब डाव्या बाजूच्या न्हाणीघरात. त्याच्या गार पाण्याला, गरम पाण्याला, दिव्याला वीज पुरेना, म्हणून दुसरा जनरेटर. उजवीकडे जागा नव्हती, तोही डावीकडे.

टबाखालची लाकडी बैठक खुंटीनेच केली, त्यामुळे वजन सगळ्यांत आधी तिला कळलं. ती मॅनेजरकडे गेली.

"साहेब, टबात पाणी भरलं की सातशे किलो होतात. जनरेटर वेगळा. सगळं डावीकडे. उजवीकडे काय टाकताय?"

"बघू."

"नकाशेवाल्यांना कळवलंय का?"

"कळवतो ना. तू दारं बघ."

तिने दारं बघितली. लिहून काही दिलं नाही. कारखान्यात कुणी लिहून देत नसे. तोंडी सांगितलेलं पुरेसं असायचं, म्हणजे पुरत नाही हे कळेपर्यंत.

हे सगळं आईला कळलं ते मंगळवारी, आणि तेही बाबांमुळे. जेवणानंतर बाबांनी एक जुनं टेबलावरचं घड्याळ खुंटीपुढे ठेवलं. त्याच्या लाकडी पेटीचं दार लोंबत होतं. "माझ्या हाताला आता बारीक स्क्रू सापडत नाहीत," ते म्हणाले, जे खोटं होतं. खुंटीने दार सोडवलं, बिजागरी उलटीसुलटी करून बघितली, आणि स्क्रू फिरवता फिरवता तिचं तोंड उघडलं.

"तीन आठवडे झाले पाण्यात उतरवून. चाकांच्या मोठ्या क्रेनने पट्ट्यांत उचलली आणि हळूहळू सोडली. सगळे धक्क्यावर उभे. लोक बोट बघत होते, मी रेघ बघत होते. उजवीकडे रेघेखालचा लाल रंग वीतभर वर राहिला, आणि डावीकडे रेघच बुडाली."

"म्हणजे वाकडी?" आई म्हणाली.

"कललेली. नकाशेवाला फोनवर म्हणाला, टाक्या भरा, सरळ होईल. टाक्या भरल्या. बरंचसं गेलं, अर्धा अंश राहिला. आता तो म्हणतो, पडदे-गाद्या आल्या की जाईल. तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकतोय. आमच्या यादीत चारशे एकतीस चुका आहेत, आई. लाल चिकट्या विजेच्या, पिवळ्या रंगाच्या, निळ्या माझ्या. एक काढली की दोन लागतात. परवा वायरमनने पॉलिश केलेल्या भिंतीला भोक पाडलं, कसल्याशा सेन्सरसाठी, आणि त्या भोकाशेजारी कुणीतरी निळी चिकटी लावली. सुतारकामात भोक आहे म्हणून!"

आवाज चढला तसं आईला बरं वाटलं. पण तो लगेच उतरला.

"मालक बघायला आला. बोळात नऊ दारं आहेत खोल्यांची. त्याने कडी काढली, दार आपोआप उघडलं. दुसरं उघडलं. नऊच्या नऊ, रांगेने. मग त्याने मोबाइल काढून जमिनीवर ठेवला. मोबाइलमध्ये पाणसळ असते ना हल्ली. मॅनेजर माझ्याकडे वळून सगळ्यांसमोर म्हणतो, नाचता येईना अंगण वाकडं."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, साहेब, या वेळी अंगणच वाकडं आहे. अंगणवाल्यांना विचारा."

बाबा खो खो हसले. खुंटी हसली नाही.

"बोट सरळ करायची तर उजव्या पोटात टनभर शिसं ठेवावं लागेल. शिसं आलं की वजन आलं, वजन आलं की वेग गेला. आणि समुद्रातल्या चाचणीत वेग करारातल्या आकड्याला जेमतेम शिवलाय. म्हणून शिसं नाही. म्हणून दारं तिरकी करायची. वरची बिजागरी आत ढकलायची, खालची बाहेर ओढायची, आणि चौकटीला घासतील त्या कडा तासायच्या. शुक्रवारी यादीवर सही करायची आहे मला. 'दारं चुकीची बसवली, सुतारकाम.' असं लिहिलंय त्यावर."

"चोर सोडून संन्याशाला फाशी," बाबा म्हणाले.

"नाही केलीस सही तर?" आईने विचारलं.

"बाहेरचे सुतार आणणार. आणि मग मी मुकादम कशाला हवी?"

आईने इथे जे केलं ते आयुष्यभराच्या सवयीने केलं. वर्तमानपत्राच्या कडेला तिने आकडेमोड केली. दोन मीटर उंचीचं दार, अर्ध्या अंशाचा कल. साडेसतरा मिलिमीटर.

"साडेसतरा मिलिमीटर!" ती म्हणाली. "खालून वरपर्यंत मिळून बोटभर फरक. आणि त्यासाठी तू बारा वर्षांची नोकरी पणाला लावतेस? दाढा झिजवतेस? अगं, बोट त्यांची, दारं त्यांची. तू काय घरी आणणार आहेस का ती? जरा जुळवून घ्यावं माणसाने. सही कर, तासून टाक, मोकळी हो."

खुंटीने घड्याळाचं दार लावून बघितलं. ते अगदी अलगद बसलं. तिने आईकडे बघितलं, जरा जास्तच वेळ, आणि म्हणाली, "बरं."

ती झोपायला गेल्यावर बाबा घड्याळाला किल्ली देत बसले.

"तू तिला गणित सांगितलंस," ते म्हणाले.

"मग? चुकलं का गणित?"

"गणित कुठे चुकतंय तुझं."

आईला वाटलं, आता तरी मनावरचं ओझं उतरेल. उतरलं नाही. खुंटीने आयुष्यात आईचं म्हणणं इतक्या पटकन कधी ऐकलं नव्हतं. अभ्यास कर म्हटलं तर वाद, लग्नाचं बघ म्हटलं तर वाद, स्वेटर घाल म्हटलं तरी वाद. आणि इथे नुसतं "बरं". बुधवारी आईने तिच्या आवडीचं जेवण केलं. ते तिने मुकाट्याने खाल्लं. गुरुवारी आईने मुद्दाम चहात साखर विसरली. तोही तिने मुकाट्याने प्यायला.

शुक्रवारी ती चष्मा विसरून गेली. बारकाईच्या कामाचा, जवळचा चष्मा, मोरीतल्या आरशापाशी. आईने तो बघितला आणि कारखान्यात जायला निमित्त मिळालं म्हणून तिला एकदम हुरूप आला. चष्मा नसला तर आज तासता येणार नाही, असाही एक विचार तिच्या मनात येऊन गेला. मग तिची तिलाच लाज वाटली. ती बस पकडून निघाली.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने वहीत नाव लिहून घेतलं, गळ्यात अडकवायला एक पट्टा दिला आणि आत निरोप पाठवला. न्यायला आला तो म्हातारा पॉलिशवाला. "मुकादमांच्या आई ना? नाकावरून ओळखलं," तो म्हणाला. "त्या गोदामात गेल्यात, येतील इतक्यात. चला, बोट तर बघा. आज बघा, नंतर काय बघायचं राहणार नाही."

शेवटचं वाक्य आईला बोचलं.

धक्क्याला लागलेली बोट तिला पहिल्या नजरेत सरळच वाटली. पांढरी, लखलखीत, शेजारच्या कळकट मचव्यांमध्ये पाहुण्यासारखी. पॉलिशवाल्याने बोटाने दाखवलं तेव्हा दिसलं, पुढच्या बाजूने बघितलं की बोटीच्या उजव्या अंगाला लाल पट्टा जास्त होता. बूट काढायला लागले, पायात कापडी पिशव्या घालायला लागल्या. आत पुठ्ठे अंथरलेले, भिंतींना प्लास्टिक, आणि सगळीकडे चिकट्या. लाल, पिवळ्या, निळ्या; जणू घराला गोवर आला होता. कुठेतरी ड्रिल चालू होतं, कुठेतरी कुणीतरी कुणाला तरी "अरे मेन बंद कर म्हटलं ना!" म्हणून ओरडत होतं.

बोळात मात्र प्लास्टिक काढलेलं होतं.

अक्रोडाचं लाकूड आईने याआधीही बघितलं होतं, फ्रेमचं, खुर्चीचं. असं बघितलं नव्हतं. बोळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाकडाच्या रेषा सलग वाहत गेल्या होत्या. दार, मधली भिंत, दार, मधली भिंत, आणि रेषा कुठेही तुटत नव्हत्या. चौथ्या दाराच्या कडेला एका गाठीचा काळसर डोळा होता, त्याचा अर्धा भाग दारावर आणि अर्धा शेजारच्या भिंतीवर, आणि मधल्या फटीतून केससुद्धा इकडचा तिकडे झालेला नव्हता.

"एका खोडाचे काप आहेत सगळे," पॉलिशवाला हळू आवाजात म्हणाला, दवाखान्यात बोलावं तसा. "तीन महिने जुळवत होत्या. शेडमध्ये जमिनीवर मांडून ठेवायच्या आणि मधून अनवाणी फिरायच्या. एकदा पाच दिवसांचं काम मोडून पहिल्यापासून लावलं. मी म्हटलं, कोण बघणार आहे? म्हणाल्या, मी."

आईने वाकून बघितलं. प्रत्येक दाराच्या कडेला पेन्सिलीची एक बारीक, तिरकी रेघ होती. वर शून्य, खाली आकडा, बाण. अक्षर खुंटीचं. आईच्या वह्यांतून उचललेला सात, मधोमध आडवी दांडी दिलेला.

"हे काय?"

"इथपर्यंत तासायचं. जेवणाच्या सुट्टीनंतर सुरुवात. त्याआधी सही."

"मग या रेषा..."

"तुटणार. दर दाराला थोडी थोडी. नऊ दारांत नऊ वेळा."

आईने उगाचच पदराने दाराची कड पुसली. तिथे धूळ नव्हती.

"आणि सांगू का," पॉलिशवाला म्हणाला, "शिसं आज ना उद्या येणारच. चाचणी झाली, करार मिटला, की मालक बोटीवर राहायला येईल. बायको म्हणेल, मी रात्रभर भिंतीकडे घसरते. मग शिसं येईल. बोट सरळ होईल. आणि तेव्हा ही दारं वाकडी होतील, उलटीकडे उघडतील. मालक विचारेल, कुणी बसवली? कागद काढतील. कागदावर सही कुणाची?"

बत्तीस वर्षं आईने फळ्यावर एकच गोष्ट पहिल्या दिवशी लिहिली होती: माप कशापासून घेतलं ते आधी लिहा, मग आकडा लिहा. आकडा बरोबर आणि सुरुवात चुकीची, अशा उत्तराला तिने कधी एक मार्कसुद्धा दिला नव्हता. पोरं हुज्जत घालायची, "पण बाई, उत्तर तर साडेसतराच आलंय!" तिने मंगळवारी लेकीला तसंच उत्तर दिलं होतं. ती बोट तिने आपल्या घरासारखी जमिनीवर उभी आहे असं धरलं होतं. पाण्यावरची वस्तू आज अशी आणि उद्या तशी; न हलणारी तेवढी रेघ, आणि नऊच्या नऊ दारं त्या रेघेला इमानाने धरून होती. तिथे एकच माणूस बरोबर होता, आणि त्याला आईने जुळवून घ्यायला सांगितलं होतं.

"आई? तू इथे कशी?"

खुंटी बोळाच्या तोंडाशी उभी होती, हातात रंधा. तिच्या मागे इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस कानाला मोबाइल लावून.

"चष्मा," आई म्हणाली.

"कुणाबरोबर तरी पाठवायचास."

"कुणाबरोबर? बाबांबरोबर? ते वाटेत घड्याळाचं दुकान बघून तिथेच बसले असते."

खुंटीने चष्मा घेतला. बोटं थंडगार होती. मोबाइल खिशात टाकून तो माणूस पुढे आला, तोच मॅनेजर. "या, या! मुकादमांच्या मातोश्री! बरं झालं आलात. सांगा जरा लेकीला, फार हट्टी आहे हो."

दोन सुतार पुठ्ठे गुंडाळता गुंडाळता थांबले. पॉलिशवाला जमिनीकडे बघू लागला. आईच्या जिभेवर आख्खं व्याख्यान आलं होतं, रेघेपासून सुरू होऊन मॅनेजरच्या अकलेपर्यंत जाणारं. पण अकरा माणसांच्या मुकादमाची बाजू तिच्या आईने मांडली तर उद्या ती मुकादम उरेल का? शाळेत पालक येऊन वर्गात भांडायला लागले की त्यांच्या पोराचा चेहरा कसा व्हायचा, ते तिने पुष्कळदा बघितलं होतं.

"हट्टी?" ती एवढंच म्हणाली. "घरी तर फार ऐकते."

"इथेही ऐकलंच की शेवटी!" मॅनेजर हसला. "दीड वाजता सही, लगेच काम सुरू. संध्याकाळपर्यंत चार दारं व्हायला हवीत."

आईने खुंटीकडे बघितलं. खुंटी दाराकडे बघत होती. कानाखालची शीर टरारली होती.

"तू जा आई," ती म्हणाली. "बस चुकेल."

फाटकासमोरच्या थांब्यावर एक बाक होतं आणि वर पत्रा. आई बसली. आपण तोंडात मिठाची गुळणी धरून बाहेर आलो, याचा तिला इतका संताप आला की तिने पिशवीचा बंद सोडला, बांधला, पुन्हा सोडला. बस आली, दार उघडून उभी राहिली. चालकाने मान वाकवून विचारलं, "येताय का काकू?" तिने मानेनेच नाही म्हटलं. बस गेली.

बारा पंचावन्न झाले होते. एकला सुट्टीचा भोंगा होतो, आणि सुट्टीत खुंटी मोबाइल चालू करते, हे तिला माहीत होतं. अर्धा तास. काय सांगायचं? सही करू नकोस, असं? मग नोकरी गेली तर? बारा वर्षं गेली तर? मंगळवारची भीती काही कुठे पळाली नव्हती, ती इथेच बाकावर शेजारी बसली होती. चौतिसाव्या वर्षी दुसरा कारखाना, दुसरी माणसं, पुन्हा कुणीतरी हातात पॉलिश पेपर देणार. आणि खुंटीने ऐकून पुन्हा नुसतं "बरं" म्हटलं तर? आज आईने एक सांगितलं म्हणून एक, उद्या दुसरं सांगितलं म्हणून दुसरं?

मग तिला वाटलं, कर किंवा करू नको, यातलं काहीच सांगायचं नाही. ते तिचं ती ठरवेल. आजवर ठरवत आलीच आहे. आपलं म्हणून जे तिच्या डोक्यावर ठेवलंय तेवढं उचलून घ्यायचं. माझं उत्तर चुकलं होतं, मी रेघ विचारलीच नाही, असं म्हणायचं. घरी यावंसं वाटलं तर ये, तिथेच उभं राहावंसं वाटलं तर उभी राहा, आणि लिहून दे, या वेळी तरी लिहून दे. हे शेवटचं सांगावं की नाही यावर ती थोडी अडखळली. आईने सांगायचं तेवढं तर सांगायलाच हवं.

आधी बाबांना फोन करावा का? ते काहीतरी बाबांसारखं बोलतील आणि त्यात दहा मिनिटं जातील. नको.

भोंगा वाजला. फाटकातलं छोटं दार उघडून माणसं डबे घेऊन बाहेर यायला लागली. त्यांत आपली मुलगी दिसते का, हे न बघता आईने पिशवी बाकावर ठेवली, आपला चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि लेकीचा नंबर लावला.